महासंगणकाचा डेटा: वेगाने लिहावा कुठे, जपावा कुठे

दोनापावल येथे 1966 साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, वास्कोच्या हेडलँड सड्यावरील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र, ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठ, झुआरीनगरातील बिट्स पिलानीचे आवार, फर्मागुडीची आयआयटी आणि कुंकळ्ळीची एनआयटी अशा बऱ्याच संस्था गोव्याच्या छोट्याशा भूभागात एकवटल्या आहेत. समुद्राचे प्रवाह, मान्सूनचे वारे, रेणूंची रचना आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली अशा विषयांवर काम करणाऱ्यांना साध्या संगणकाची शक्ती पुरत नाही. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनने मनुष्यबळ घडवण्यासाठी देशात जी चार प्रशिक्षण केंद्रे निवडली, त्यांत खरगपूर, मद्रास आणि पलक्कडबरोबर गोव्याच्या आयआयटीचाही समावेश आहे. त्यामुळे अनेक यंत्रे जोडून एकाच वेळी प्रचंड गणन करणाऱ्या प्रणाली कशा चालतात, हे जाणून घेणे आता आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या आणि प्राध्यापकांच्या रोजच्या कामाचा भाग झाले आहे.

अशी प्रणाली घेण्याची वेळ येते तेव्हा चर्चा बहुतेक प्रोसेसरची आणि जीपीयूची, म्हणजे एकाच वेळी हजारो गणिते करणाऱ्या चिपची, होते. डेटा कुठे ठेवायचा हा विषय दरपत्रकाच्या शेवटच्या ओळीत 'इतके टेराबाइट' एवढ्यावर उरकला जातो. माझ्या मते सर्वांत जास्त विचार याच ओळीचा व्हायला हवा, कारण नुसत्या टेराबाइटच्या आकड्यावरून त्या साठवणीबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. तो डेटा किती वेगाने लिहिता-वाचता येतो, किती वर्षे टिकतो आणि हरवला तर पुन्हा मिळवता येतो का, हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत. या तिन्हींचे समाधानकारक उत्तर देईल अशी एकच वस्तू बाजारात मिळत नाही. म्हणूनच उच्चक्षमता संगणनात साठवण नेहमी थरांची असते आणि प्रत्येक थराने दिलेले वचन निराळे असते.

आधी डेटा किती तयार होतो याचा अंदाज घेऊ. अरबी समुद्राचे एक प्रारूप आपण 2 किलोमीटर अंतराच्या जाळीवर मांडले आणि लांबी-रुंदीला प्रत्येकी 1000 बिंदू व खोलीला 50 स्तर घेतले, तर एकूण 5 कोटी बिंदू होतात. प्रत्येक बिंदूवर तापमान, क्षारता आणि प्रवाहाचे तीन घटक अशा पाच राशी, प्रत्येकी 4 बाइटमध्ये, साठवल्या तर एका क्षणाचे चित्र बरोबर 1 गिगाबाइटचे होते. दर तासाला एक चित्र जपले तर वर्षाला 8,760 चित्रे, म्हणजे जवळजवळ 8.8 टेराबाइट. तीस वर्षांचे गणन केले तर 260 टेराबाइटच्या पुढे जावे लागते, आणि हे एका संशोधकाच्या एका प्रयोगाचे झाले. राष्ट्रीय पातळीवरचे आकडेही याच प्रमाणात वाढलेले दिसतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत 2024 साली सुरू झालेल्या 'अर्क' या महासंगणकाची गणनक्षमता 11.77 पेटाफ्लॉप्स (एक पेटाफ्लॉप्स म्हणजे सेकंदाला दहा लाख अब्ज गणिते) आहे आणि त्याच्याबरोबर 33 पेटाबाइटची (एक पेटाबाइट म्हणजे 1,000 टेराबाइट) साठवण आहे. त्याच वेळी नोएडाला सुरू झालेल्या 'अरुणिका'ला 8.24 पेटाफ्लॉप्सच्या जोडीला 24 पेटाबाइट मिळाले आहेत.

वेग कुठे अडतो

संगणकाच्या मुख्य स्मृतीतून, म्हणजे रॅममधून, एखादी गोष्ट वाचायला साधारण 100 नॅनोसेकंद लागतात. एनव्हीएमई प्रकारच्या फ्लॅश, म्हणजे चिपवरच्या, साठवणीला त्याच कामासाठी 100 मायक्रोसेकंदांच्या आसपास वेळ लागतो आणि फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कला सुमारे 10 मिलिसेकंद. याचा अर्थ असा की रॅमपासून हार्ड डिस्कपर्यंत येताना आपण लाख पटीने मंद होतो. हा मंदपणा यांत्रिक आहे. मिनिटाला 7,200 वेळा फिरणाऱ्या चकतीला अर्धा फेरा पूर्ण करायला 4 मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो, वाचणारे शीर्ष योग्य वर्तुळावर नेऊन स्थिर करायला आणखी काही मिलिसेकंद जातात, आणि चकती त्याहून वेगाने फिरवायची तर उष्णता, कंपने आणि विजेचा खर्च वाढत जातो. त्यामुळे इकडेतिकडे विखुरलेले तुकडे वाचायचे झाले तर एक हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशेच तुकडे देऊ शकते.

तीच डिस्क सलग वाचली तर मात्र सेकंदाला 200 ते 250 मेगाबाइट सहज देते. हार्ड डिस्क सर्वस्वी मंद आहे असे समजणे म्हणूनच चुकीचे ठरते. ती उड्या मारण्यात मंद आहे, सरळ चालण्यात नाही. समुद्राच्या प्रारूपातून निघणाऱ्या मोठ्या, सलग फाइलींसाठी ती आजही अतिशय उपयोगी आहे, आणि एका टेराबाइटमागे तिचा खर्च फ्लॅशपेक्षा बराच कमी पडतो. लाखो छोट्या चित्रांतून यादृच्छिक क्रमाने वाचत जाणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणाला मात्र ती जाचक ठरते. तेथे फ्लॅशच हवी, कारण तिच्यात हलणारा भागच नसतो आणि ती सेकंदाला लाखो छोट्या मागण्या पुऱ्या करू शकते. फ्लॅशचीही एक मर्यादा आहे. तिची प्रत्येक पेशी ठरावीक वेळाच पुसून पुन्हा लिहिता येते. म्हणून अशा डिस्कच्या माहितीपत्रकात 'रोज संपूर्ण क्षमतेइतके लेखन किती वेळा करता येईल' हा आकडा दिलेला असतो आणि खरेदी करणाऱ्याने तो क्षमतेच्या आकड्याइतक्याच काळजीने वाचायला हवा.

एक फाइल, अनेक डिस्क

आता मूळ अडचणीकडे येऊ. शंभर नोड, म्हणजे महासंगणकात जोडलेली शंभर स्वतंत्र यंत्रे, एकाच वेळी गणन करत आहेत आणि सर्वांना एकाच सामायिक ठिकाणी लिहायचे आहे. विभागातील चार-पाच संगणकांना फाइली पुरवण्यासाठी सन मायक्रोसिस्टिम्सने 1984 साली तयार केलेली एनएफएस ही पद्धत अजूनही उत्तम चालते, पण तिच्या मुळाशी एक सर्व्हर असतो आणि सर्वांची वाट त्याच्याच दारातून जाते. जत्रेच्या महाप्रसादाला पाचशे पाने मांडली आहेत, आत भात, वरण आणि खतखत्याचे टोप भरलेले आहेत, पण वाढपी एकच आहे, अशी ही स्थिती होते. स्वयंपाकघरात आणखी टोप चढवल्याने, म्हणजे आणखी डिस्क जोडल्याने, पंगत लवकर उठत नाही. त्यासाठी वाढपी वाढवावे लागतात.

वाढपी वाढवण्याचे हे काम समांतर फाइल सिस्टम करते. त्यांतील सर्वांत जास्त वापरात असलेली लस्टर ही प्रणाली 1999 साली कार्नेगी मेलन विद्यापीठात पीटर ब्राम यांच्या संशोधनातून सुरू झाली आणि तिची पहिली आवृत्ती 2003 साली आली. ती मुक्तस्रोत असल्यामुळे जगातील अनेक मोठ्या महासंगणकांवर दिसते आणि सीडॅक या सरकारी संगणन संस्थेच्या परम मालिकेतील महासंगणकांवरही तिचा वापर झाला आहे. लस्टरची मुख्य कल्पना अशी की फाइलीची ओळख आणि फाइलीचा मजकूर वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवायचा. फाइलीचे नाव, मालक, परवानग्या आणि तिचे तुकडे कुठे आहेत ही माहिती मेटाडेटा सर्व्हर सांभाळतो. प्रत्यक्ष मजकूर साधारण एकेक मेगाबाइटच्या पट्ट्यांत कापून अनेक साठवण सर्व्हरांवर ओळीने वाटला जातो. नोड एकदा मेटाडेटा सर्व्हरला पत्ता विचारतो आणि नंतर त्या सर्व साठवण सर्व्हरांशी थेट व एकाच वेळी बोलतो. आठ सर्व्हरांवर वाटलेली फाइल आदर्श परिस्थितीत आठपट वेगाने वाचली जाते, आणि सर्व्हर वाढवत नेले तर क्षमता आणि वेग दोन्ही एकदमच वाढतात.

अशा व्यवस्थेत जाळ्याची जोडणीही तितकीच भक्कम लागते. म्हणूनच नोड आणि साठवण सर्व्हर यांच्यामध्ये साध्या इथरनेटऐवजी बहुधा इन्फिनिबँड ही अधिक वेगवान जोडणी असते. ती केबल आणि ते स्विच साठवणीच्या अंदाजपत्रकातच धरले पाहिजेत, नाहीतर महागडी फाइल सिस्टम अरुंद वाटेमागे अडकून पडते.

लस्टरवर काम करणाऱ्यांच्या बहुतेक तक्रारी मेटाडेटापाशी येऊन थांबतात, आणि हा भाग वापरणाऱ्याच्या हातात असल्यामुळे तो नीट समजून घेण्यासारखा आहे. समजा कोणी 4 किलोबाइटच्या दहा लाख फाइली तयार केल्या. एकूण डेटा झाला फक्त 4 गिगाबाइट. तो एका फाइलीत असता तर सेकंदाला 1 गिगाबाइटच्या वेगाने 4 सेकंदांत वाचून झाला असता. पण प्रत्येक फाइल उघडण्यासाठी मेटाडेटा सर्व्हरकडे जावे लागते आणि त्यात एक मिलिसेकंद जरी गेला, तरी एकामागून एक फाइल उघडताना 1,000 सेकंद, म्हणजे सतरा मिनिटांच्या आसपास वेळ केवळ दार ठोठावण्यात जातो. तेवढ्या वेळात तोच सर्व्हर इतर सगळ्यांच्याही मागण्या हाताळत असतो, त्यामुळे एका विद्यार्थ्याच्या छोट्या फाइलींमुळे संपूर्ण यंत्रावरच्या लोकांना साधी फाइलींची यादी मागवली तरी ताटकळावे लागते. यावर उपाय जुना आणि खात्रीचा आहे: हवामान व समुद्रविज्ञानात रुळलेल्या नेटसीडीएफ किंवा एचडीएफ5 यांसारख्या स्वरूपांत अनेक राशी आणि अनेक कालबिंदू एका मोठ्या फाइलीत बांधावेत, चित्रसंचांची गाठोडी करावीत, आणि अनेक प्रक्रियांनी एकाच फाइलीत शिस्तीने लिहावे यासाठी एमपीआय-आयओ या समांतर लेखनाच्या पद्धतीची सोय वापरावी. मोठी फाइल किती सर्व्हरांवर वाटायची हेही वापरकर्ता ठरवू शकतो. बऱ्याच यंत्रांवर मूळ मांडणी 'एकाच सर्व्हरवर' अशी असते, आणि ती न बदलता शेकडो गिगाबाइटची फाइल लिहिणारे लोक समांतर प्रणालीवर बसूनही एकाच डिस्कसंचाच्या वेगाने काम करत राहतात.

लस्टरला पर्यायही आहेत. आयबीएमने 1998 साली जीपीएफएस या नावाने बाजारात आणलेली आणि आता स्टोरेज स्केल म्हणून ओळखली जाणारी प्रणाली परवान्याच्या खर्चासह येते, पण तिची देखभाल व्यवस्थित आखलेली असते. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेत तयार झालेली बीजीएफएस मांडायला तुलनेने सोपी आहे आणि लहान समूहांना मानवते. जेथे पूर्णवेळ साठवण-प्रशासक नेमणे शक्य नाही, अशा विभागाने नावाच्या दबदब्यापेक्षा चालवण्याच्या सोपेपणाला अधिक महत्त्व द्यावे, असे मला वाटते. लस्टर बिघडल्यावर ती दुरुस्त करू शकणारी माणसे आपल्या भागात सहज मिळत नाहीत, ही गोष्ट कोणत्याही वेगमापनाच्या आलेखात दिसत नाही.

गणन मध्येच तुटले तर

आठवडाभर चालणारे गणन सहाव्या दिवशी एका नोडच्या बिघाडाने कोसळले तर सगळे पुन्हा करावे लागते. ते टाळण्यासाठी प्रोग्राम ठरावीक अंतराने आपली पूर्ण स्थिती साठवणीवर लिहून ठेवतो; याला चेकपॉइंट म्हणतात. साठवणीच्या वेगाची खरी परीक्षा येथे होते. शंभर नोडवर प्रत्येकी 256 गिगाबाइट स्मृती असेल आणि ती सगळी लिहायची असेल, तर 25.6 टेराबाइट होतात. फाइल सिस्टमचा वेग सेकंदाला 10 गिगाबाइट असेल तर यात सुमारे 43 मिनिटे जातात आणि तेवढा वेळ शंभरही नोड गणन थांबवून उभे राहतात. वेग 100 गिगाबाइट असेल तर सव्वाचार मिनिटांत काम होते. पुष्कळदा सर्व स्मृती लिहावी लागत नाही हे खरे, पण साठवणीत केलेली काटकसर शेवटी महाग प्रोसेसरांच्या रिकाम्या वेळेतून वसूल होते हे या हिशेबातून स्पष्ट दिसते.

चेकपॉइंटचा लोंढा थोड्या काळासाठी येतो आणि ओसरतो. तो झेलण्यासाठी गणन-नोड आणि डिस्क यांच्यामध्ये फ्लॅशचा एक पातळ थर ठेवतात: नोड फ्लॅशवर झपाट्याने लिहून गणनाला लागतात आणि तेथून डेटा सावकाश डिस्कवर उतरवला जातो. अमेरिकेतील नर्स्क केंद्राच्या कोरी या यंत्रात असा 1.8 पेटाबाइटचा थर होता. त्याच केंद्राने पुढच्या पर्लम्युटर यंत्रात 35 पेटाबाइटची संपूर्ण स्क्रॅच, म्हणजे चालू कामापुरती, साठवणच फ्लॅशची केली. याउलट ओक रिज येथील फ्रंटियर यंत्राच्या ओरायन फाइल सिस्टममध्ये फ्लॅशचा वेगवान थर 11.5 पेटाबाइटचा आणि फिरत्या डिस्कचा थर 679 पेटाबाइटचा आहे. जगातील अतिशय वेगवान यंत्र उभारणाऱ्यांनीही जवळजवळ सगळी क्षमता साध्या डिस्कवर ठेवली, यातून लहान संस्थांनी बोध घ्यावा. आपल्या विभागासाठी प्रत्येक नोडमध्ये एकेक एनव्हीएमई डिस्क बसवून तात्पुरत्या फाइली तेथेच ठेवण्याची सवय लावली, तरी सामायिक फाइल सिस्टमवरचा मोठा भार हलका होतो.

होम, स्क्रॅच आणि त्यांची वचने

महासंगणकावर खाते मिळाल्यावर विद्यार्थ्याला बहुधा दोन जागा दिसतात. होम ही लहान, मर्यादा घातलेली आणि नियमित प्रत काढली जाणारी जागा असते. तेथे प्रोग्राम, स्क्रिप्ट आणि टिपणे ठेवायची. स्क्रॅच ही प्रशस्त आणि वेगवान जागा असते, आणि तिची प्रत बहुधा कोणीच काढत नाही. अनेक केंद्रांत 30, 60 किंवा 90 दिवस न वापरलेली फाइल तेथून आपोआप पुसली जाते. हा नियम निर्दय वाटतो, पण त्यामागे कारण आहे: समांतर फाइल सिस्टम 80-90 टक्के भरली की सलग मोकळी जागा मिळेनाशी होते, तुकडे विखुरतात आणि वेग सर्वांसाठीच घसरतो. फाइलींच्या तारखा दर महिन्याला कृत्रिमपणे बदलून हा नियम चुकवणारे लोक भेटतात. ते स्वतःचा डेटा वाचवत नसून प्रत नसलेल्या जागेतच तो अडकवून ठेवत असतात, आणि एका बिघाडात तो सगळाच जाण्याचा धोका पत्करत असतात.

'पण रेड आहे ना?' असा प्रश्न येथे हमखास येतो. अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधून एक-दोन बिघडल्या तरी डेटा टिकवण्याची ही कल्पना बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ यांनी 1988 साली मांडली, आणि आजची सगळी मोठी साठवण तिच्या कोणत्या ना कोणत्या रूपावर उभी आहे. रेड-6 मध्ये एकाच संचातील दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचतो. मात्र 20 टेराबाइटची डिस्क बदलल्यावर नवीन डिस्क सेकंदाला 200 मेगाबाइटने भरत गेली तरी 28 तासांच्या आसपास लागतात, आणि त्या काळात संच दुबळा असतो. म्हणून मोठ्या प्रणालींत संचाची पुनर्बांधणी अनेक डिस्कवर वाटून लवकर उरकण्याच्या पद्धती आल्या आहेत. पण रेड केवळ डिस्क मोडण्यापासून वाचवतो. चुकून पुसलेली फाइल तो तितक्याच तत्परतेने सर्व डिस्कवरून पुसतो.

डिसेंबर 2021 मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर जे घडले ते प्रत्येक केंद्रप्रमुखाने वाचायला हवे. बॅकअपच्या कामातील जुन्या नोंदी पुसणारी एक स्क्रिप्ट पुरवठादार कंपनीने सुधारली आणि ती चालू असतानाच तिच्यावर नवी आवृत्ती लिहिली. अर्धवट वाचलेल्या नव्या स्क्रिप्टमध्ये पुसण्याच्या जागेचे नाव ठेवणारे चल रिकामे राहिले आणि जुन्या नोंदींऐवजी मुख्य साठवणीतील फाइली पुसल्या जाऊ लागल्या. सुमारे 77 टेराबाइट, म्हणजे 3.4 कोटींच्या आसपास फाइली गेल्या. 14 संशोधन गटांना फटका बसला आणि त्यांतील चार गटांचा डेटा परत मिळवता आला नाही. एकही डिस्क मोडली नव्हती. वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या परवानग्यांनिशी ठेवलेली प्रत हाच अशा प्रसंगातला आधार असतो.

टेप, आणि आपल्याकडची हवा

ती प्रत ठेवण्यासाठी चुंबकीय टेप हा पर्याय ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते, पण मोठ्या संशोधन केंद्रांची कोठारे आजही टेपवर चालतात. एलटीओ मालिकेच्या नवव्या पिढीची एक कॅसेट कोणतेही आकुंचन न करता 18 टेराबाइट साठवते आणि सेकंदाला 400 मेगाबाइटपर्यंत सलग लिहिते. हवी ती फाइल शोधायला एखादे-दोन मिनिट लागू शकते, पण फळीवर ठेवलेल्या कॅसेटला वीज लागत नाही, ती जाळ्याला जोडलेली नसल्यामुळे खंडणीखोर व्हायरस तिच्यापर्यंत पोहोचत नाही आणि योग्य जागी ठेवली तर तिचे आयुष्य 30 वर्षांपर्यंत धरले जाते. नववी पिढी वाचणारे यंत्र आठव्या पिढीच्या कॅसेट वाचते, त्याआधीच्या नाही. त्यामुळे दर काही वर्षांनी जुन्या कॅसेट नव्यावर उतरवण्याचा खर्च आणि ते करणारा माणूस पहिल्याच दिवशी ठरवून ठेवावा लागतो.

गोव्यात यात आणखी एक अडचण येते. टेप दीर्घकाळ जपण्यासाठी 16 ते 25 अंश सेल्सिअस तापमान आणि 20 ते 50 टक्के आर्द्रता सांगितली जाते. आपल्याकडे आषाढ-श्रावणात बाहेरची आर्द्रता 90 टक्क्यांवर असते आणि किनाऱ्यालगतच्या हवेत मीठ असते. त्यामुळे आर्द्रता नियंत्रित करणारी बंद खोली ही येथे चैन ठरत नाही. विद्युतमंडलांच्या पट्ट्यांवर आणि जोडण्यांवर ओल व क्षार साचल्याने होणारे गंजणे हळूहळू होते आणि बिघाड अनाकलनीय वाटतो, म्हणून हवा गाळून घेण्याची व्यवस्था सर्व्हरच्या खोलीलाही हवी. पावसाळ्यात वीज लपंडाव खेळते तेव्हा यूपीएसने साठवण सर्व्हरांना शिस्तीने बंद होण्याइतका वेळ दिला पाहिजे, आणि ज्या फ्लॅश डिस्कमध्ये वीज जाताच अर्धवट लेखन पूर्ण करणारे संधारित्र असतात, त्याच सामायिक साठवणीसाठी घ्याव्यात. अंदाजपत्रक आखडते घेताना पहिली कात्री नेहमी वातानुकूलन आणि यूपीएसवर चालते, आणि गोव्याच्या हवेत ती सर्वांत महाग पडते.

क्लाउडमधील ऑब्जेक्ट साठवण हा आणखी एक मार्ग आहे. येथे फोल्डरांची उतरंड नसते. प्रत्येक वस्तूला एक किल्ली असते आणि ती वेबच्या साध्या मागणीने ठेवता किंवा मागवता येते. चालू गणनासाठी ती गैरसोयीची आहे, कारण फाइलीचा मधला भाग बदलण्याची सोय सहसा नसते, पण पूर्ण झालेले डेटासंच इतरांना देण्यासाठी आणि दूरची प्रत ठेवण्यासाठी ती चांगली आहे. सेफ या मुक्तस्रोत प्रणालीने अशी साठवण स्वतःच्या आवारातही उभारता येते. भाड्याच्या क्लाउडमध्ये ठेवण्याचा दर कमी दिसतो, तरी परत काढण्याचा दर वेगळा लावलेला असतो, आणि वेळेचा हिशेबही करावा लागतो: सेकंदाला 1 गिगाबिटची जोडणी अखंड आणि पूर्ण मिळाली तरी 100 टेराबाइट परत आणायला नऊ दिवसांहून अधिक लागतात.

काय पुन्हा मिळेल, काय मिळणार नाही

एवढे सगळे थर समोर असताना कोणता डेटा कुठे ठेवायचा हे ठरवण्यासाठी मी आकाराआधी उगम पाहतो. प्रारूपातून निघालेला डेटा हरवला तर तोच प्रोग्राम, तीच आवृत्ती आणि तीच सुरुवातीची स्थिती घेऊन तो पुन्हा काढता येतो. वेळ आणि वीज जाते एवढेच. आधी मांडलेल्या 260 टेराबाइटपैकी बहुतेक भाग स्क्रॅचवर राहून पुसला गेला तरी चालण्यासारखा असतो, पण तो निर्माण करणारा काही मेगाबाइटचा प्रोग्राम आणि त्याच्या मांडणीच्या फाइली तीन ठिकाणी असाव्या लागतात. समुद्रात नौका नेऊन घेतलेली मोजमापे मात्र पुन्हा घेता येत नाहीत. 1960च्या दशकातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर दोनापावलची संस्था उभी राहिली. त्या वर्षांतील पाण्याचे तापमान कोणत्याही महासंगणकाला आज मोजता येणार नाही, त्या नोंदी टिकल्या म्हणूनच आजच्या समुद्राशी तुलना होऊ शकते. अंटार्क्टिकातील मैत्री आणि भारती तळांवरच्या निरीक्षणांचेही तसेच आहे. असा डेटा प्रारूपांच्या तुलनेत आकाराने लहान असतो, त्यामुळे त्याच्या दोन-तीन प्रती ठेवणे फारसे महाग नसते, आणि त्यांतील एक प्रत घाटापलीकडे, वेगळ्या हवामानाच्या आणि वेगळ्या वीजवाहिनीच्या गावी असावी.

मोजलेल्या आकड्यांबरोबर त्यांची ओळखही जपावी लागते: उपकरण कोणते होते, त्याचे अंशांकन केव्हा झाले, एकके कोणती, वेळ भारतीय प्रमाणवेळेत लिहिली आहे की जागतिक वेळेत. नेटसीडीएफ फाइलीत हे सर्व आकड्यांच्या सोबतच लिहिता येते आणि लिहिले जावे. प्रत्येक फाइलीची चेकसम, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेली छोटी खूणसंख्या, काढून वेगळ्या जागी नोंदवली तर वर्षानुवर्षे पडून असलेल्या डेटात नकळत बदललेला एखादा बिटही पकडता येतो, कारण डिस्क आणि टेप दोन्हींवर अशा मूक चुका होतात.

मध्यम आकाराच्या संस्थेने त्यामुळे पैसे असे वाटावेत असे माझे मत आहे: मेटाडेटासाठी आणि प्रत्येक नोडसाठी थोडी पण चांगली फ्लॅश, सामायिक स्क्रॅचसाठी फिरत्या डिस्कवरची समांतर फाइल सिस्टम, आणि जपण्यासाठी टेप किंवा दुसऱ्या गावचे ऑब्जेक्ट कोठार. यांशिवाय एका प्रशिक्षित माणसाचा पगार. दर सहा महिन्यांनी त्या माणसाने कोठारातील काही फाइली निवडून त्या रिकाम्या डिस्कवर परत उतरवाव्यात, चेकसम जुळवून पाहावेत आणि किती वेळ लागला हे नोंदवहीत लिहावे.